गॅस ओव्हनवर 'एफ ३' येतो आहे: बोर्ड बदलावा की सेन्सर?

अर्धाकच्चा

नमस्कार. आमच्याकडे ९ वर्षे वापरात असलेला गॅसचा ओव्हन आहे. आच गॅसची असली, तरी ज्योत पेटवणे, तापमान राखणे आणि वेळ मोजणे हे सगळे विजेवर चालणाऱ्या कंट्रोल बोर्डाच्या ताब्यात आहे. गेल्या पंधरवड्यापासून ओव्हन सुरू केल्यावर १०-१२ मिनिटांनी तो सलग शिट्टी वाजवू लागतो, पडद्यावर 'एफ ३' उमटते आणि ज्योत विझते. प्लग काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावला, की एक-दोन दिवस तक्रार नसते; मग पुन्हा तेच.

दुरुस्ती करणाऱ्यांना फोनवर लक्षण सांगताच, ओव्हन न पाहताच, त्यांनी 'बोर्ड गेला' असा निकाल दिला. बोर्ड हा ओव्हनमधला सर्वांत महागडा सुटा भाग असल्यामुळे मन धजत नाही. आणखी दोन गोष्टी सांगतो, त्यांचा संबंध आहे की नाही ते ठाऊक नाही. काही महिन्यांपासून आत ठेवलेले पदार्थ ठरलेल्या वेळात नीट भाजले जात नाहीत. दाराचे रबर सैल झाले असावे असे आम्ही धरून चाललो होतो. शिवाय ज्योत पेटायला हल्ली दोन-अडीच मिनिटे लागतात आणि पेटण्यापूर्वी गॅसचा किंचित वास येतो. घरी मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. स्वतः काय तपासावे आणि कशाला हात लावू नये, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सांडशी

सर्वप्रथम तुमच्या मॉडेलचा तांत्रिक कागद शोधा. वापरकर्त्याच्या पुस्तिकेत सांकेतिक क्रमांकांचे अर्थ अनेकदा नसतात. दुरुस्तीसाठीचा घडी घातलेला कागद मात्र खालच्या कप्प्यामागे किंवा बटणांच्या पट्टीमागे ठेवलेला असतो. हे आधी सांगण्याचे कारण असे, की या क्रमांकांना सर्व कंपन्यांत मिळून एकच अर्थ नाही. कित्येक जुन्या मॉडेलांत 'एफ ३' म्हणजे तापमान सेन्सरची जोडणी तुटलेली आणि 'एफ ४' म्हणजे तीच शॉर्ट झालेली, म्हणजे तारा मध्येच एकमेकींना टेकलेल्या, असा संकेत आहे. पण सगळ्यांत तो तसाच असेल असे नाही. दुसऱ्याच्या ओव्हनचा तक्ता वाचून सुटे भाग मागवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी एक मी स्वतः आहे.

ओहमकार

सांडशी यांच्याशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो: सांकेतिक क्रमांक कोणत्या मार्गावर बिघाड आहे ते सांगतो, कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. सेन्सरच्या मार्गावर चार गोष्टी असतात: सेन्सर स्वतः, त्याच्या तारा, मधला कनेक्टर आणि शेवटी बोर्ड. बोर्डाला फक्त एक रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, दिसतो. तो अशक्य वाटला की बोर्ड क्रमांक दाखवून मोकळा होतो. म्हणून मोजमाप सेन्सरपासून सुरू करून बोर्डाकडे सरकत जावे.

प्लग काढा, गॅसचा कॉक बंद करा आणि ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या. सेन्सर म्हणजे आतल्या मागच्या भिंतीतून पुढे आलेली पेन्सिलीएवढी धातूची नळी. तिच्या दोन तारा मागे कनेक्टरला जातात. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूचा रोध मोजा. बऱ्याच ओव्हनांत प्लॅटिनमचा सेन्सर असतो, जो शून्य अंश सेल्सिअसला १००० ओहम दाखवतो आणि साधारण तापमानात दर अंशामागे सुमारे ३.९ ओहमने वाढतो. खोलीत २४ अंश असतील तर सुमारे १०९४ ओहम यायला हवेत. यापेक्षा फारच वेगळा आकडा आला, तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. काही ओव्हनांत तापल्यावर रोध कमी होणारा, वेगळ्या जातीचा सेन्सर असतो आणि त्याचे आकडे त्याच कागदावर पाहावे लागतात.

नंतर कनेक्टर पुन्हा जोडून, बोर्डावरून सेन्सरचा प्लग काढून, त्या टोकाला तोच रोध मोजा आणि मोजताना तारा हलक्या हाताने हलवून पाहा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

तिसरीघंटा

एक प्रश्न. हा त्रास सुरू होण्यापूर्वी ओव्हनची स्वयंस्वच्छता वापरली होती का? त्या चक्रात आतले तापमान ४८० अंशांच्या आसपास जाते आणि मागच्या पोकळीतल्या तारा व कनेक्टर चांगलेच भाजून निघतात.

अर्धाकच्चा

कागद खालच्या कप्प्यामागेच सापडला, सांडशी, आभार. आमच्या मॉडेलात 'एफ ३' म्हणजे 'सेन्सरचा मार्ग खंडित' असेच आहे आणि सेन्सर प्लॅटिनमचाच आहे. तिसरीघंटा, होय, चार-पाच महिन्यांपूर्वी स्वयंस्वच्छता वापरली होती.

मोजमाप असे: खोलीत २४ अंश, सेन्सरच्या बाजूला १०९३ ओहम. बोर्डाच्या टोकाला मात्र १२१० ओहम, आणि कनेक्टरजवळची तार हलवली की मीटर मार्ग तुटल्याचे दाखवतो. कनेक्टरचे प्लॅस्टिक तपकिरी पडले आहे.

ओहमकार

तुमचा बिघाड सापडला, आणि भाजणीची तक्रारही त्यातच आली. कनेक्टरच्या जळक्या टोकांनी सुमारे ११७ ओहमची भर घातली आहे, ३.९ ने भागल्यास तो ३० अंशांचा फरक होतो. बोर्डाला ओव्हन प्रत्यक्षापेक्षा ३० अंश अधिक तापल्यासारखा वाटत होता, म्हणून तो ज्योत लवकर बंद करत होता आणि आतले पदार्थ अर्धेकच्चे राहत होते. दाराचे रबर बिचारे निर्दोष आहे. ओव्हन तापला की धातू प्रसरण पावून ते टोक पूर्ण सुटते, मार्ग तुटतो आणि १०-१२ मिनिटांनी 'एफ ३' येतो. प्लग काढून लावल्याने दुरुस्ती होत नव्हती. तेवढ्या वेळात धातू थंड होऊन टोक पुन्हा टेकत होते, इतकेच.

जळके टोक कापून नवा कनेक्टर लावा, किंवा तारा एकमेकींना पिळून त्यांवर उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या टोप्या बसवा. साधी चिकटपट्टी आणि साधे प्लॅस्टिक तिथे टिकत नाही. सेन्सर आणि बोर्ड दोन्ही राहू द्या.

निळीज्योत

सेन्सरचे झाले, पण मला ज्योत उशिरा पेटण्याची काळजी अधिक वाटते. तो स्वतंत्र बिघाड आहे आणि त्यासाठी बहुधा कोणताही क्रमांक उमटत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

तुमच्या ओव्हनात ठिणगीऐवजी लाल तापणारा इग्नायटर, म्हणजे ज्योत पेटवणारा भाग, असेल, तर तो आणि गॅसचा सुरक्षा व्हॉल्व्ह एकाच मार्गावर, एकापुढे एक जोडलेले असतात. इग्नायटर तापेल तसा त्याचा रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि पुरेसा प्रवाह झाल्यावर व्हॉल्व्हमधली दुहेरी धातूची पट्टी वाकून गॅस सोडते. चपट्या इग्नायटरसाठी हा प्रवाह साधारण ३.२ ते ३.६ अँपिअर असतो आणि तो आकडा अनेकदा व्हॉल्व्हवर छापलेला असतो. वय झालेला इग्नायटर लालभडक दिसतो, पण पुरेसा प्रवाह वाहू देत नाही. 'लाल होतो म्हणजे चांगला आहे' हा समज म्हणूनच फसवा ठरतो, आणि थंड इग्नायटरचा रोध मोजूनही तो पकडता येतोच असे नाही. निरोगी इग्नायटर साधारण दीड मिनिटाच्या आत ज्योत पेटवतो. तुमचा अडीच मिनिटे घेतो आहे.

प्रवाह चालू विजेवर मोजावा लागतो, तेव्हा ते काम आणि गॅसच्या जोडणीशी संबंधित प्रत्येक काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. व्हॉल्व्ह तपासण्यासाठी त्याला थेट घरातली वीज देण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. व्हॉल्व्ह कायमचा जळतो. तोपर्यंत ओव्हन वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओव्हन बंद असतानाही वास आला, तर कोणतेही बटण दाबू नका, चालू दिवाही बंद करायला जाऊ नका. मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन मग फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, हेही लक्षात असू द्या.

सांडशी

फोनवर बोर्डाला दोषी ठरवणाऱ्यांची बाजूही थोडी मांडतो, कारण बोर्ड कधी जातच नाही असे नाही. दोन्ही टोकांना रोध बरोबर आणि स्थिर असूनही क्रमांक येतच राहिला, तर संशय बोर्डावरच घ्यावा लागतो. बटण अडकल्याचा क्रमांक आला, तर मात्र आधी बटणांच्या पट्टीची चपटी केबल सोडवून पाहावी. क्रमांक गेला तर दोष पट्टीचा, राहिला तर बोर्डाचा.

अर्धाकच्चा

सिरॅमिकच्या टोप्या काल बसवल्या. बोर्डाच्या टोकाला आता १०९५ ओहम येतात आणि तार हलवली तरी आकडा हलत नाही. इग्नायटर आज परवानाधारक तंत्रज्ञांनी तपासला. चपटाच आहे, आणि ३.२ च्या जागी २.६ अँपिअर प्रवाह मिळाला, म्हणून तो बदलून घेतला. ज्योत ४० सेकंदांत पेटली, वास आला नाही, आणि १८० अंशांवर तासभर चालवूनही 'एफ ३' उमटले नाही. एकच शंका उरली आहे: मधल्या महिन्यांत कमी भाजले जाते म्हणून आम्ही बोर्डाच्या सेटिंगमध्ये तापमान १५ अंशांनी वाढवून ठेवले होते. ते आता काढावे का?

ओहमकार

आजच शून्यावर आणा. नाहीतर पुढच्या आठवड्यात 'सगळे करपते आहे' असा नवा धागा तुम्हीच काढाल.