जिप्सीचा पुढचा नकल: तेल की ग्रीस?

गळती थांबावी म्हणून मारुती जिप्सीच्या पुढच्या नकलमध्ये (पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या पोकळ घरात) ग्रीसऐवजी ९० नंबरचे गिअर ऑइल भरावे का, असे आपण विचारले आहे आणि त्यासाठी लँड रोव्हरचा दाखला दिला आहे. दाखला खरा आहे, पण येथे तो लागू होत नाही. जुन्या लँड रोव्हरच्या नकलची रचनाच ईपी ९० म्हणजे ९० नंबरच्या गिअर तेलासाठी होती आणि तेथेही कंपनीने पुढे अर्धप्रवाही ग्रीस स्वीकारले. जिप्सीत जॉइंट (चाक फिरवणारा गोळ्यांचा सांधा) आणि किंगपिनच्या (ज्या खिळीवर नकल वळतो तिच्या) बेअरिंगा ग्रीसवरच चालतात. बाहेरचे सील धूळ-पाणी अडवण्यापुरते असते, त्याने तेल धरून ठेवावे ही अपेक्षा म्हणजे चाळणीत पाणी भरणे.

आधी गळणारा द्रव बोटावर घेऊन पाहावा. तो पातळ आणि गंधकासारख्या उग्र वासाचा असेल, तर डिफरन्शिअलचे (दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीचे) तेल अ‍ॅक्सलच्या आतील सीलमधून नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करत आहे. अशा वेळी कितीही घट्ट ग्रीस भरले तरी तेही पातळ होते आणि तिकडे डिफरन्शिअलमधील तेल घटत राहते, जे माझ्या मते गळतीच्या डागापेक्षा अधिक काळजीचे आहे. हे आतील सील बदलताना अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारे छिद्र) चिखलाने तुंबलेला नाही ना, हेही पाहावे, कारण तापलेल्या हवेचा दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

त्यानंतर जॉइंट धुऊन, वाळवून, मॉलिब्डेनमयुक्त लिथियम ग्रीस गोळ्यांच्या खोबणींत हाताने दाबून भरावे.