अनुभव धागा: मार लागलेला टायर, चालवावा की उतरवावा?

खड्ड्यात आपटलेला, कडेला कापलेला, खिळा घुसलेला टायर समोर आहे आणि गाडी तर हवी आहे. अशा वेळी तुम्ही काय पाहून ठरवलंत, ते इथे लिहा. "माझा चालला" एवढंच नको. मार नेमका कुठे होता, टायर किती जुना होता, उतरवून पाहिला की वरवर, हे लिहिलंत तर पुढच्या माणसाच्या कामी येईल.

सुरुवात मी करते. फोंडा-पणजी रोजचा रस्ता. भर पावसात कुंडईजवळ पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावं चाक दणकन बसलं. हवा गेली नाही, स्टिअरिंगही ओढत नव्हतं. घरी पोचल्यावर टायरच्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा दिसला. बोटानं दाबला तर टणक, त्यामुळे घरात सगळ्यांचं मत "काही होत नाही". पण फुगवटा येतो तो आतले धागे तुटल्यामुळे. तिथे हवेचा सगळा दाब नुसतं रबर पेलत असतं, आणि ते कधी फाटेल हे कुणीच सांगू शकत नाही. त्याला पॅच नसतो. मी लगेच स्टेपनी चढवली. तुमची स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावरची वेगमर्यादा वाचा. बहुतेकींवर ताशी ८० किमी असते.

नवं_चाक
माझं उलटं. नव्या टायरच्या बाजूला आत दबलेली उभी रेघ दिसली आणि पोटात गोळा आला. दुकानदारानं हात फिरवून समजावलं: आतल्या कापडाची टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात, हवा भरली की तेवढी जागा कमी फुगते. ही रेघ दोष नाही. बाहेर आलेला उंचवटा मात्र कधीच सोडू नका.

हडफड्याचा स्कूटरवाला
माझ्या गाड्या भाड्यानं जातात, त्यामुळे टायर फार बघितले. एका गिऱ्हाईकानं हवा पूर्ण गेलेली स्कूटर तशीच रेटत आणली. पंक्चर बारीक, बरोबर नक्षीच्या मधोमध. बाहेरून टायर चकचकीत. बाहेरूनच भोकात रबरी रस्सी कोंबून पाच मिनिटांत काम झालं असतं. पण रिमवरून काढला तेव्हा आतून काळी भुकटी हातावर आली आणि आतल्या बाजूला गोल घासलेला पट्टा दिसला. बिनहवेचं चालवल्यानं बाजूची भिंत आतल्या आत दुमडून चिरडली होती. टायर बाद केला. हवा नसताना चाललेला टायर उतरवून आत बघितल्याशिवाय परत लावू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. मागे बसलेल्याचाही जीव त्यावर असतो.

साखळी-बेळगाव
चोर्ला घाटात नेहमी जाणं-येणं. खिळा नक्षीच्या पट्ट्यात असेल आणि भोक ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर दुरुस्ती होते. पण बाहेरून घातलेली रस्सी मी घरी पोचण्यापुरतीच मानतो. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे दांडीनं भोक भरणारा आणि आतून चिकटणारा छत्रीसारखा पॅच. एकदा भोक नक्षी संपून बाजू वळते त्या खांद्यावर होतं. हायवेवरचा एक जण "दोन रस्स्या घालतो, बिनधास्त जा" म्हणत होता. मी नको म्हटलं. तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो, तिथली रस्सी किंवा पॅच टिकेल याचा भरवसा नाही.

सासष्टीकर
भाऊ बोटीवर, त्याची गाडी अंगणात उभी. नक्षी नव्यासारखी, पण बाजूला बारीक भेगांचं जाळं. तारीख बघायला शिका: बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. काही टायरांवर हे आकडे गाडीखालच्या बाजूला येतात, वाकून बघावं लागतं. न चालवताही रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावा, दहा वर्षांपलीकडे नक्षी असली तरी ठेवू नये. आम्ही चारही बदलले.

सावर्ड्याचा ड्रायव्हर
ट्रकला रिट्रेड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर चालतो, पण त्यालाही आतला सांगाडा शाबूत लागतो. मागच्या जोडचाकांच्या फटीत दगड अडकला तर आधी तो काढा, दोन्ही टायरांच्या बाजू कापतो. आणि नक्षी झिजून गोटा झालेला टायर पावसात नको. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटर उरली की संपला. खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की समजा.

पर्वरीची आई
चिऱ्याच्या कुंपणाला घासून मागच्या टायरच्या बाजूचं रबर सालपटासारखं निघालंय. हवा टिकते. मुलांना शाळेत सोडायला नेऊ का?

धागाकर्ती
ताई, हवा टिकते यावरून काहीच ठरवू नका, माझ्या फुगवट्याच्या टायरमध्येही टिकत होती. उजेडात ती जागा धुऊन बघा. नुसतं वरचं रबर खरवडलं असेल, फट हलवून पाहिल्यावर धागा दिसत नसेल, फुगवटा नसेल, तर टायर उतरवून आतूनही दाखवून घ्या. मग तो वापरायला हरकत नसते. धाग्याचं एक टोक जरी दिसलं तरी टायर संपला. दाखवेपर्यंत स्टेपनी लावा, आणि तिच्यात हवा आहे का ते आधी मोजा.