तातडीने मदत हवी: स्कॅनच्या डायने दुसऱ्या दिवशी अंगावर गांधी उठतात का?

सायली_ठाणे: काल आईचा स्कॅन झाला, डाय देऊन. तेव्हा काहीच झालं नाही. आज सकाळपासून पोटावर, मांड्यांवर लाल गांधी उठल्यात, नुसती खाजवतेय. रविवार, त्यामुळे सेंटरवाले फोन उचलत नाहीत. हे डायचंच आहे का? कधी उतरेल? लवकर सांगा प्लीज.

बंडोपंत: स्कॅन कसला? सीटीला आयोडीनवाली डाय असते, एमआरआयला गॅडोलिनियमची. आणि आधी हे सांगा: ओठ, जीभ सुजलेत? धाप लागतेय? चक्कर? यातलं एकही असेल तर इथे टाइप करत बसू नका, 108 ला फोन लावा.

सायली_ठाणे: पोटाचा सीटी. सूज नाही, धाप नाही. चहा पिऊन टीव्ही बघतेय, मधूनच उठून दाराच्या चौकटीला पाठ घासतेय.

माजघर: आमसुलं भिजत घाला, तो कोळ अंगाला चोळा. आमच्याकडे पित्त उठलं की हेच. आणि तीन-चार लिटर पाणी पाजा, डाय धुऊन निघते.

दर्यावर्दी: मासे खातात का त्या? कोळंबीची ॲलर्जी असली की आयोडीनची डाय चालत नाही. माझ्या साडूला सेंटरवरून परत पाठवलं होतं.

बंडोपंत: जुनं खूळ आहे हे. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची, आयोडीनची नव्हे. आयोडीन मिठातही असतं, साडू अळणी जेवतात का?

दर्यावर्दी: मग फॉर्मवर विचारतात ते उगाच?

बंडोपंत: ॲलर्जी कशाचीही असली तरी धोका थोडा वाढतो, म्हणून विचारतात. माशांचं वेगळं काही नाही. सायली, डायचं पुरळ तासाभरानंतर ते आठवडाभरात कधीही उठू शकतं आणि बहुतेकांचं आपोआप बसतं. पण नवीन अँटिबायोटिक चालू आहे का? शुगर? किडनीच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन किती?

सायली_ठाणे: नवीन गोळी नाही. शुगर आहे, मेटफॉर्मिन घेते. क्रिएटिनिन 0.9. पण हार्टच्या डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय, तीन लिटर कसं पाजू?

बंडोपंत: अहो, हे शेवटी सांगताय! पाणी अजिबात वाढवू नका. माजघर, बघा.

माजघर: मला काय स्वप्न पडलं होतं? आमसुलाने तरी अपाय नाही ना.

मीनल_क्ष: मी सीटीवर टेक्निशियन आहे. डाय जाताना अंग गरम होतं, तोंडात लोखंडासारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरू नका, मिनिटभरात जातं.

सायली_ठाणे: ताई, ते काल होऊन गेलं. मेटफॉर्मिनचं काय करू?

मीनल_क्ष: ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, 30 च्या खाली असेल तर 48 तास थांबवतात, मग क्रिएटिनिन बघून सुरू करतात. क्रिएटिनिन 0.9 असेल तर सहसा गरज पडत नाही, तरी डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. ॲलर्जीची गोळीही हार्टची औषधं सांगूनच घ्या.

सायली_ठाणे: फॅमिली डॉक्टर सापडले एकदाचे. फोटो मागवले, ॲलर्जीची गोळी सांगितली, मेटफॉर्मिन चालूच ठेवायला सांगितली. सेंटरवरून डायचं नाव घेऊन फाइलवर लिहून ठेवा म्हणाले, पुढच्या स्कॅनच्या वेळी दाखवायला. खाज जरा कमी आहे.

नवखी88: माझा बुधवारी एमआरआय आहे. मंगळसूत्र काढावं लागतं का?

बंडोपंत: काढावंच लागतं. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.