डेव्हिड विंटरचं चिमुकलं घर: हातचं काम की साच्यातलं?

सरेवासी: इथल्या चॅरिटी शॉपमधून चार पौंडांना प्लास्टरचं एक घर उचललं. तळहातावर मावतं. छप्पर मधेच खचलंय, भिंतीतली लाकडं वाकडीतिकडी, खाली फेल्ट चिकटवलंय आणि कडेला डेव्हिड विंटरची सही. दुकानातल्या आजी म्हणाल्या, एके काळी लोकांच्या यावर उड्या पडायच्या. हे हातचं की साच्यातलं? विकलं तर काही सुटेल का?

पेणकर: दोन्ही. आमच्या घरी गणपतीचं कारखान्याचं काम, त्यामुळे यातलं थोडं कळतं. विंटर हा इंग्रज शिल्पकार, मूळ घर मेणात कोरायचा. त्यावरून रबराचा साचा, साच्यात प्लास्टर, मग रंगकाम हातानं. वळचणीखाली नख घालून बघा, तिथेही कोरीव काम लागेल. कडक साचा असता तर तिथेच अडकून बसला असता. रबर मोज्यासारखं सोलून काढता येतं, म्हणून कारागीर असल्या सांदीकोपऱ्यांत बिनधास्त घुसतो. खरी करामत त्या मेणात. रंगवणाऱ्यांचं नाव मात्र कुठेच नसतं, ते आमच्याकडेही तसंच.

भावाचं म्हणाल तर आशा सोडा. 1979 च्या सुमारास जॉन हाइनबरोबर त्यानं हे सुरू केलं, पुढे संग्राहकांचा क्लबही निघाला. एखादं घर ‘रिटायर’ झालं, म्हणजे ते बनवणं बंद झालं, की भाव चढणार, या हिशेबानं लोकांनी खोक्यासकट जपून ठेवलं. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मीळ काय राहणार? उत्तर इंग्लंडात पेनरिथला डेव्हिड टेटनं 1982 मध्ये काढलेलं ‘लिलिपुट लेन’ हे अशाच घरांचं दुसरं नावही असंच गाजलं, 2016 मध्ये तेही बंद पडलं.

टेम्सकाठचा: डेव्हिड विंटरची आई फेथ विंटरही शिल्पकार, बरं का. लंडनला स्ट्रँडवर सेंट क्लेमेंट डेन्स चर्चबाहेर ‘बॉम्बर’ हॅरिसचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांवर बॉम्बफेक करवणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या सेनानीचा, ब्राँझचा पुतळा आहे, तो बाईंनी घडवलेला. 1992 मध्ये अनावरणालाच निदर्शनं झाली, नंतर त्यावर लाल रंगही फेकला. लेकाच्या घरांवर कोण कशाला चिडेल!

सरेवासी: पेणकर, वळचणीखाली बघितलं. खरंच, आतल्या बाजूला वासेसुद्धा कोरलेत. मग राहू दे घरातच. धूळ फार बसलीय, ओल्या फडक्यानं पुसू?

पेणकर: अजिबात नको! कुठे टवका उडाला असेल तर प्लास्टर पाणी पिणार. रंगाचा जुना मऊ ब्रश घ्या, कोरडाच फिरवा, चिमणीपासून खाली.