आठवणीतला चोर : तुमचेही अनुभव लिहा

लहान गावातला चोर बहुधा माहितीतलाच निघतो. तुमच्या गावात किंवा तपासात असा कुणी वेगळा चोर भेटला असेल तर इथे जरूर लिहा. नावं मात्र नकोत, त्यांची मुलंबाळं आज मानाने नांदताहेत. सुरुवात मी करतो.

निवृत्त फौजदार, सिंधुदुर्ग

1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांत माझी इकडे बदली झाली. चतुर्थीच्या तोंडावर मुंबईचे चाकरमानी उतरले आणि ठाण्यात फिर्यादींची रीघ लागली. कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत, मागच्या दाराला आतून कडी; समई, पंचपात्र, चांदीचं निरांजन मात्र गायब! नाव घातलेल्या कळश्या, तपेली सगळी जागच्या जागी होती. म्हणजे गड्याने एकेक भांडं उजेडात फिरवून, बिननावाचं तेवढंच उचललं होतं.

सुगावा दिला एका आजींनी. "साहेब, ह्या चुलीच्या खोलीत आमच्याकडे कधी गळत नव्हतं." शिडी लावून वर गेलो. मंगळुरी कौलं खाचेत खाच घालून नेटकी बसवलेली, पण शेवाळाच्या रेघा एका कौलावरून दुसऱ्यावर जुळत नव्हत्या. खालची एक रीप काढून पुन्हा जुन्याच भोकांत खिळे ठोकलेले. असं हलक्या हाताचं काम मी नंतर कुठे पाहिलं नाही.

खरखरीत कौलावर ठसा मिळत नाही. पण उजेडासाठी मध्ये एक काचेचं कौल होतं. त्याच्या आतल्या बाजूच्या काजळीत अंगठा स्वच्छ उमटलेला होता. मग पावसाआधी घरं शाकारणाऱ्यांची यादी काढली आणि माणूस सापडला. ज्या घरांची शाकारणी त्याने केली होती, तीच घरं फुटली होती. माल विकलाच नव्हता. पंचांसमक्ष गवताच्या उडवीतून त्याने सगळा काढून दिला.

चावी सांभाळणाऱ्यांची मुलगी, मालवण तालुका

काका, कुलूप न तुटता चोरी झाली की पहिला संशय कुणावर जातो, हे आम्ही भोगलंय. चुलत्यांच्या घराची चावी माझ्या बाबांकडे असायची. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक गेले. तोंडाने कुणी काही बोललं नाही, पण त्या चतुर्थीला चुलते आमच्या ओटीवर चढले नाहीत. आईने पाठवलेला मोदकांचा डबा तसाच परत आला. पुढे चोर सापडला, तोही कौलांतूनच उतरला होता. चुलते येऊन बाबांच्या पाया पडले. बाबांनी त्यांना चहा दिला, आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली. परत कधी घेतली नाही.

फौजदारी वकील, सावंतवाडी

कायद्याची बाजू सांगतो. काही न मोडता कौलांतून उतरणं हीसुद्धा घरफोडीच. चोरीसाठी रात्रीची घरफोडी असेल तर भादंवि 457 खाली 14 वर्षांपर्यंत शिक्षा, दिवसाची असेल तर 454 खाली 10. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 331 मध्येही हा फरक कायम आहे. आता शिमग्यापासून चतुर्थीपर्यंत बंद असलेल्या घरात चोर सूर्यास्तानंतर शिरला की भरदुपारी, हे फिर्यादी सांगणार कसा? कोकणातल्या अशा खटल्यांत आमची निम्मी उलटतपासणी ह्याच मुद्द्यावर चालते.

निवृत्त फौजदार, सिंधुदुर्ग

मुली, तुझ्या बाबांसारखी माणसं मी बरीच पाहिली. चावीवाल्याला ठाण्यात बोलावून बाकावर बसवलं की गावाने निकाल दिलाच म्हणून समजायचं. म्हणून त्यांचा जबाब मी त्यांच्या घरी जाऊन, पडवीत बसून घ्यायचो. आणि बंद घराचा पंचनामा असला की हवालदाराला आधी शिडी आणायला सांगायचो. दार, कुलूप, कोयंडा सगळं नंतर.