हजार ग्रॅमच्या आतलं बाळ, आतड्याला भोक: आधी नळी की थेट ऑपरेशन?

जुळे सोलापूरची नर्स
अपुऱ्या दिवसांचं बाळ, पोट टम्म फुगलेलं, एक्स-रेत आतड्याबाहेर हवा. म्हणजे आतडं फुटलंय. माझं मत, अशा बाळाला वॉर्मरवरच (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावरच), तेवढी जागा बधिर करून पोटात नळी टाकावी. घाण बाहेर येते, पोटाचा ताण उतरतो, श्वासाला जागा मिळते. टोरांटोच्या सर्जननी हा उपाय 1977 मध्ये मांडला. 2006 च्या अमेरिकन चाचणीत दीड किलोच्या आतली 117 बाळं होती. 90 दिवसांतले मृत्यू नळीने 34.5 टक्के, ऑपरेशनने 35.5. मग अक्कलकोट, मंगळवेढ्याहून गार पडून आलेलं बाळ लगेच टेबलावर कशाला घ्यायचं?

बालशल्यचिकित्सक
सिस्टर, आकडे बरोबर आहेत, पण नळीने भोक बुजत नाही आणि सडलेलं आतडं पोटातच राहतं. 2008 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हजार ग्रॅमपर्यंतच्या 35 बाळांना आधी नळी टाकली होती. त्यातल्या 26 जणांचं पोट नंतर उघडावंच लागलं. पोट उघडलं की मेलेला भाग काढता येतो, चांगलं टोक पोटावर आणून तिथे शीसाठी पिशवी लावता येते.

जुळे सोलापूरची नर्स
प्रत्येक भोक सडल्यामुळे पडत नाही, सर. पहिल्या आठवड्यात, दूध नीट सुरू व्हायच्या आधी, एकाच जागी आतडं फुटलेली बाळं आपण बघतोच. बाकीचं आतडं गुलाबी असतं. त्यांच्यासाठी मी भांडतेय.

बालशल्यचिकित्सक
तिथे तुमचं म्हणणं टिकतं. 2021 ची मोठी चाचणी हेच सुचवते. मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीत मोठा दोष, हे दोन्ही धरून, आतडं सडण्याच्या आजारात नळीने 85 टक्के, ऑपरेशनने 69. नुसतं भोक असेल तर नळीने 63, ऑपरेशनने 69. हा फरक इतका लहान की त्यावर पैज लावू नये. पण रात्री दोनला निदान करायचं कशावरून? दूध सुरू झाल्यावर बिघडलं, शीतून रक्त गेलं, एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले, तर मी नळीवर थांबणार नाही.

बार्शीचा मामा
आमच्या भाचीच्या बाळाला नळी टाकली तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. पुढे पोट उघडावं लागेल हे कुणी सांगितलंच नाही. नंतर पोटाला पिशवी बघून तिची आई कोसळली. काहीही करा, पण सही घेण्याआधी दोन्ही वाटा सांगा. पिशवी बहुतेक वेळा कायमची नसते, आतडं परत जोडतात, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

पंढरपूरचा बालरोगतज्ज्ञ
मामांशी सहमत. पण सर, सर्जन तालुक्याला नसतो. बाळ सोलापूरला पोचेपर्यंत पोटाच्या ताणाने श्वास अडला, तर निदान सुईने हवा काढायला आमच्या हातांना कुणी तरी शिकवा. सिस्टर, नळी टाकणाऱ्यांनीही लिहून ठेवावं की किती तासांत सुधारणा दिसली नाही तर ऑपरेशनला न्यायचं.

जुळे सोलापूरची नर्स
तो कागद नळी टाकतानाच केसपेपरला लावायचा, हे मान्य. पण भोक एकाच जागी असल्याची शंका असेल तर पहिली नळीच, यावर मी ठाम आहे.