चेक इंजिनचा दिवा, पी २६८१ आणि पी ०१२८: कूलंटचा व्हॉल्व्ह बदलावा, की आधी वायरिंग तपासावे?

प्रश्न: शाहूपुरीकर, सातारा

नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि ती आतापर्यंत ८४,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या दीड महिन्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा तीन वेळा लागला. पहिल्यांदा तो जानेवारीत, रात्री उशिरा पुण्याहून परतताना, खंबाटकी घाट उतरून सुरूरच्या जवळ आल्यावर लागला. गाडीच्या ओढीत किंवा आवाजात काही फरक नव्हता, तापमानाचा काटाही नेहमीसारखा मध्यावर होता, म्हणून मी गाडी तशीच साताऱ्यापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर दोन कोड निघाले. पी २६८१ म्हणजे कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) मार्ग बदलणाऱ्या बायपास व्हॉल्व्हच्या नियंत्रण सर्किटात दोष, आणि पी ०१२८ म्हणजे कूलंटचे तापमान थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या) ठरलेल्या अंशापर्यंत पोहोचत नाही, असे मला सांगण्यात आले. मेकॅनिकने दोन्ही कोड पुसले आणि गाडी परत दिली. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. आता त्या गॅरेजचे म्हणणे असे की व्हॉल्व्ह बदलावा लागेल आणि मजुरी सोडून नऊ हजार रुपये लागतील. दुसऱ्या एका फिटरने थर्मोस्टॅट खराब असल्याचे सांगितले. तिसऱ्याने तर थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडच्या हवेत त्याची काही गरज नसते, असा सल्ला दिला.

आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. गाडी उभी केल्यावर बॉनेटजवळ कधी कधी गोडसर वास येतो, आणि टाकीतील कूलंटची पातळी महिन्या-दोन महिन्यांत थोडी खाली जाते, जी मी घरच्या बोअरच्या पाण्याने भरून काढतो. शिवाय महामार्गावर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी सध्या १३ च्या आसपास देत आहे. हे दोन्ही कोड एकाच बिघाडाचे आहेत का, सुटा भाग विकत घेण्यापूर्वी खात्री कशी करावी, आणि तोपर्यंत रोज कराडला ये-जा करण्यात धोका आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: कोयनाकाठ, कराड

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कृपया मानू नका. माझ्या जुन्या डिझेल गाडीत मी तीच चूक केली होती. उन्हाळ्यात काही जाणवले नाही, परंतु डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला जाताना हीटरमधून कोमट हवासुद्धा येईना, आणि सरासरी इतकी उतरली की दोन महिन्यांत मी थर्मोस्टॅट पुन्हा बसवून घेतला. इंजिन थंड राहणे म्हणजे ते सुखात असणे नव्हे. ते ठरलेल्या तापमानाला पोहोचले नाही तर इंधन जास्त जाते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. शिवाय तुमच्या गाडीत थर्मोस्टॅटच नसेल, तर पी ०१२८ कायमचाच मुक्कामाला येईल.

सर्वप्रथम इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतील पातळी पाहा. पातळी फार खाली गेली तर कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा राहते आणि त्याचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. इंजिन गरम असताना टाकीचे झाकण मात्र कधीही उघडू नका.

उत्तर: मिरजेचा वायरमन

मी गेली बरीच वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोड हा निकाल नसतो, ती तक्रार असते. इंजिनाच्या संगणकाला नेमके काय खटकले एवढेच तो सांगतो. आपल्या दोन कोडांच्या तक्रारी मुळातच वेगळ्या जातीच्या आहेत. पी २६८१ ही विजेची तक्रार आहे. संगणकाने व्हॉल्व्हच्या तारेत प्रवाह सोडायचा प्रयत्न केला आणि सर्किट पूर्ण झाले नाही, इतकाच त्याचा अर्थ. व्हॉल्व्हची यांत्रिक झडप अडकली आहे की मोकळी आहे, याविषयी तो कोड एक अक्षरही बोलत नाही. पी ०१२८ ही याउलट कामगिरीची तक्रार आहे. बाहेरची हवा, इंजिनावरचा भार आणि गेलेला वेळ यांवरून इतक्या मिनिटांत पाणी इतके तापायला हवे असा हिशेब संगणक मांडतो आणि प्रत्यक्ष तापमान त्या हिशेबाच्या मागे राहिले की कोड नोंदवतो. बहुतेक गाड्यांत एकाच फेरीत, म्हणजे इंजिन सुरू करून बंद करेपर्यंतच्या एका प्रवासात, दिवा लागत नाही. पहिल्या वेळी कोड प्रलंबित म्हणून राहतो आणि पुढच्या फेरीत तेच दिसले तर दिवा लागतो. म्हणूनच कोड पुसल्यावर तीन-चार दिवस सारे ठीक झाल्यासारखे वाटते.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम वाचायला हवी होती. दिवा लावणारा कोड नोंदला जातो त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, भार आणि कूलंटचे तापमान किती होते हे तीत साठवलेले असते आणि कोड पुसताच तेही जाते. दिवा पुन्हा लागला तर आधी त्या आकड्यांचा फोटो काढा, मग पुढचे काम.

दोन्ही कोडांचे मूळ एकच असणे शक्य आहे. थंड इंजिन लवकर तापावे म्हणून हा व्हॉल्व्ह सुरुवातीला पाण्याचा काही मार्ग रोखून धरतो. अनेक रचनांमध्ये वीज तुटली की तो पाणी वाहू देण्याच्या स्थितीत जातो, कारण इंजिन जास्त तापण्यापेक्षा उशिरा तापलेले बरे, असा विचार ती रचना करताना केलेला असतो. अशा वेळी एका तुटलेल्या तारेमुळे पी २६८१ येतो आणि इंजिन उशिरा तापल्यामुळे पाठोपाठ पी ०१२८ सुद्धा येतो. माझा पहिला संशय याच तारेवर आहे, आणि त्याला गोडसर वासाचा आधार आहे. तो वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा असतो. कुठेतरी कूलंट झिरपत आहे, आणि ते कनेक्टरमध्ये शिरले तर पिना गंजतात. कधी कधी ते तारेच्या आवरणातून वातीसारखे चढत पुढच्या कनेक्टरपर्यंतही पोहोचते.

आता तपासणीचे. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन चालू न करता स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहा. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या आसपास असतील तर निदान थंड अवस्थेत तरी सेन्सर खरे बोलतो आहे. त्यात उणे ४० दिसले तर सेन्सरचीच तार तुटलेली असते. त्यानंतर व्हॉल्व्हचा फ्यूज पाहा. मग कनेक्टर काढून त्यात पांढरट, गुलाबी किंवा हिरवी पपडी आहे का ते टॉर्चच्या उजेडात नीट बघा. इग्निशन चालू करून मल्टिमीटरने एका पिनेवर बॅटरीइतका विजेचा दाब (व्होल्टेज) येतो का ते मोजा. दुसरी तार बहुधा संगणकाकडे जाते आणि तिकडून अर्थिंग मिळते, म्हणून इग्निशन बंद करून ती संगणकाच्या कनेक्टरपर्यंत कुठे तुटलेली नाही ना हे मीटरने तपासावे लागते. हे मोजताना तार हाताने हलवत राहा, कारण आवरणाच्या आत तुटलेली तार स्थिर असताना जोडलेली दिसते आणि इंजिनाच्या थरथरीत सुटते. शेवटी व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मोजा. मीटरने अनंत दाखवले तर कॉइल गेली, तेव्हा नऊ हजार खर्च करणे रास्त आहे. रोध सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर नवीन व्हॉल्व्ह बसवूनही तोच कोड परत येईल. मात्र व्हॉल्व्ह चालतो का हे पाहण्यासाठी त्याला थेट बॅटरी लावू नका, कारण काही व्हॉल्व्हच्या आत छोटी मोटर आणि स्थितीचा सेन्सर असतो आणि तो त्यात जळू शकतो.

मध्यावर असलेल्या काट्यावर विसंबू नये. पुष्कळ गाड्यांत साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत काटा जाणूनबुजून एकाच जागी ठेवलेला असतो. खरे तापमान स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्येच, म्हणजे त्या त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांमध्येच, दिसते. दिवा स्थिर पिवळा असेल आणि कूलंटची पातळी योग्य असेल, तर कराडला ये-जा करायला तूर्त हरकत नाही. दिवा लुकलुकू लागला तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, असे समजून वेग उतरवा, आणि तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवा.

उत्तर: विश्रामबाग, सांगली

बोअरच्या पाण्याविषयी कळकळीने लिहितो, कारण आमच्या कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात हे नुकसान मी फार जवळून पाहिले आहे. त्या पाण्यातील क्षार गरम झाल्यावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, थर्मोस्टॅटच्या बैठकीवर आणि व्हॉल्व्हच्या झडपेवर थर धरतात. शिवाय दर वेळी साधे पाणी घातल्याने कूलंटमधले गंजरोधक पातळ होत जाते. कूलंट आणि पाणी यांच्या ५०:५० मिश्रणाचा उपयोग केवळ थंडीसाठी नसतो, त्यामुळे उत्कलनबिंदूही वाढतो. पाचगणीच्या उंचीवर साधे पाणी उघड्या भांड्यात सुमारे ९५ ते ९६ अंशांलाच उकळते, त्यामुळे तिथे झाकणाचा दाब आणि मिश्रणाचे प्रमाण या दोन्हींना महत्त्व आहे. वर घालायचेच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला. नवे कूलंट रंगावरून निवडू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकारच घ्या.

शाहूपुरीकर, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या वायरमन साहेबांनी सांगितलेल्या क्रमानेच एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन तपासणी केली. पहाटे सहाला कूलंट १४ अंश, आत येणारी हवा १५ अंश आणि बाहेरचे तापमान १४ अंश होते, म्हणजे सेन्सरवरचा संशय मिटला. फ्यूज शाबूत होता. व्हॉल्व्हच्या कनेक्टरमध्ये मात्र फिकट गुलाबी पपडी होती आणि एक पिन हिरवी पडली होती. इग्निशन चालू केल्यावर दाब १२.४ व्होल्ट मिळाला आणि कॉइलचा रोधही मर्यादेत निघाला. संगणकाकडे जाणारी तार मात्र हलवताच मीटरचा आवाज बंद पडत होता. आवरण सोलून पाहिले, तेव्हा कनेक्टरपासून चार बोटांवर तांबे काळे पडून तुटलेले दिसले. वर असलेल्या होज पाइपच्या क्लिपमधून थेंब थेंब कूलंट नेमके तिथे पडत होते. कनेक्टरचा तुकडा तारेसह बदलला, जोड डाख देऊन बंदिस्त केला आणि क्लिप नवीन घातली.

त्यानंतर पी २६८१ परत आलेला नाही. परंतु पाचव्या दिवशी पी ०१२८ प्रलंबित म्हणून पुन्हा दिसू लागला. म्हणून काल लाइव्ह डेटा चालू ठेवून यवतेश्वरचा घाट चढून उतरलो. चढताना तापमान ९० अंश होते आणि उतरताना ते घसरत ७१ वर आले. आज सकाळी थंड इंजिन सुरू केले, तेव्हा कूलंट ४५ अंशांना असतानाच रेडिएटरचा वरचा पाइप हाताला कोमट लागला. याचा अर्थ काय घ्यावा?

उत्तर: मिरजेचा वायरमन

आपण घेतलेले आकडे इतके स्पष्ट आहेत की आता संशयाला फारशी जागा उरत नाही. दोन्ही कोडांचे मूळ एकच असावे हा माझा अंदाज अपुरा ठरला. तारेचा दोष खरा होता, परंतु त्याच्या जोडीला थर्मोस्टॅटही पूर्ण मिटत नाही. तो मिटलेला असता तर ४५ अंशांना वरच्या पाइपात ऊब आलीच नसती. सुमारे ८० अंशांपर्यंत पाइप थंड राहतो आणि मग थोड्या वेळात एकदम तापतो. घाट चढताना इंजिन भरपूर उष्णता निर्माण करते, म्हणून गळका थर्मोस्टॅटही झाकला जातो. उतरताना भार नसतो, समोरून वारा रेडिएटरवर येत असतो, आणि अशा वेळी थर्मोस्टॅटने वाट बंद करून ऊब टिकवायची असते. ते काम होत नाही, म्हणून तापमान ७१ वर येते. आपला पहिला दिवासुद्धा खंबाटकी उतरल्यावरच लागला होता, हे आता जुळते.

थर्मोस्टॅट काढल्यावर थंड असतानाच उजेडासमोर धरून फट दिसते का पाहा. त्यानंतर पातेल्यात पाणी तापवून, तळाला टेकू न देता, थर्मामीटरसह त्यात सोडा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. नवा बसवताना रबरी रिंग नवीन घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरने सगळी यंत्रणा धुऊन मगच कूलंट भरा. हवा काढण्याची त्या इंजिनाची पद्धत मॅन्युअलप्रमाणे पाळा, कारण अडकलेल्या हवेमुळे नवा थर्मोस्टॅटही चुकीचा वागल्यासारखा दिसतो.

शाहूपुरीकर, सातारा

तीन आठवड्यांनी कळवतो आहे. जुन्या थर्मोस्टॅटवर ८८ कोरलेले होते, पण झडपेच्या एका बाजूला पांढऱ्या क्षाराचा कडक थर बसल्याने थंड असतानाही त्यातून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. बोअरचे पाणी मीच भरत होतो, त्यामुळे हा थर कुठून आला याविषयी मला शंका नाही. थर्मोस्टॅट, रबरी रिंग, कूलंट आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये खर्च आला. व्हॉल्व्ह जुनाच ठेवला आहे. परवा रात्री पुण्याहून येताना खंबाटकी चढताना तापमान ९३ अंश होते आणि उतरून सुरूरपर्यंत येईपर्यंत ते ८६ च्या खाली गेले नाही. प्रलंबित कोडांची यादी रिकामी आहे, आणि टाकीतील पातळी तीन आठवडे खुणेवर स्थिर आहे.